जर्मन सैन्यातील बिगरसनदी हुद्दे

जर्मन सैन्यात शिपाई आणि सनदी (म्हणजे कमिशन मिळालेले) अधिकारी यांच्या मधल्या फळीला ‘उंटरऑफित्सियर’ म्हणतात. ‘खालचा अधिकारी’ असा त्याचा शब्दशः अर्थ. घोळ इथूनच सुरू होतो, कारण हाच शब्द अख्ख्या वर्गाचे नाव आहे आणि त्या वर्गातल्या सर्वांत खालच्या हुद्द्याचेही. जुन्या जर्मन कागदात ‘चार उंटरऑफित्सियर’ असे लिहिलेले दिसले, तर ते त्या एका हुद्द्याचे चौघे की वर्गातले कोणतेही चौघे, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते. या हुद्द्यांचा इतिहास वाचताना हुद्द्याचे नाव, प्रत्यक्ष काम आणि मान या तीन गोष्टी वेगळ्या धरलेल्या बऱ्या. नावे चारचारशे वर्षे टिकली आहेत, काम मात्र दर शतकात बदलत गेले आहे.

मुळे सोळाव्या शतकातल्या लांड्सक्नेख्टांच्या, म्हणजे भाडोत्री पायदळाच्या, फौजांत सापडतात. तिथल्या ‘फेनलाइन’ या तुकडीत साधारण तीनचारशे माणसे एका निशाणाखाली असत. लढाईआधी त्यांच्या रांगा लावणे, भालाइतांचा चौकोन नीट उभा करणे आणि कवायत घेणे ही कामे फेल्डवेबेलची. ‘वाइबेल’ म्हणजे न्यायसभेचा इकडून तिकडे निरोप पोचवणारा चोपदार. तोच रणभूमीवर आला आणि फेल्डवेबेल झाला. स्वित्झर्लंडमध्ये हा शब्द दोन्ही अर्थांनी अजून जिवंत आहे: सैन्यात ‘फेल्डवाइबेल’ हा हुद्दा आहे आणि सरकारी समारंभात रंगीत झगा घालून पुढे चालणारा ‘वाइबेल’ही आहे. लांड्सक्नेख्टांमध्ये याखेरीज मुक्कामाची जागा ठरवणारा फूरियर, रोटं या लहान गटाचा म्होरक्या रोटमायस्टर आणि शिपायांनी स्वतः निवडलेला गेमाइनवेबेल असे. शिपायांच्या तक्रारी कप्तानाच्या कानी घालणे हे गेमाइनवेबेलचे काम. पुढे राजेरजवाड्यांच्या कायम फौजा उभ्या राहिल्या तेव्हा हे निवडून येणारे पद पार पुसले गेले. फेल्डवेबेल उरला, पण आता वरून नेमलेला.

याच काळात परकी नावेही शिरली. कॉर्पोरल इटालियनमधून आला, सार्जंट फ्रेंचमधून. अठराव्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्याच्या कंपनीत वर फेल्डवेबेल, त्याखाली सार्जंट, तळाशी कॉर्पोरल अशी उतरंड होती. तिच्यात गेफ्रायटनकॉर्पोरल नावाचा एक वेगळाच प्राणी असे: निशाण वाहणारा, बहुधा खानदानी घरातला, पुढे अधिकारी होऊ घातलेला तरुण. कॉर्पोरलच्या हातातली छडी दाखवण्यापुरती नव्हती, शिपायाला जागच्या जागी मारायचा अधिकार तिच्यासोबत येई. 1806 मध्ये येना इथे नेपोलियनकडून सपाटून मार खाल्ल्यावर प्रशियाने सैन्याची घडी नव्याने बसवली. 1808 च्या सुधारणांत अपमानास्पद शारीरिक शिक्षा हटल्या आणि या हुद्द्यांना मारकुट्या मुकादमाऐवजी शिक्षकाचे रूप येऊ लागले. पुढे प्रशियात कॉर्पोरल हे नाव मागे पडून त्या जागी उंटरऑफित्सियर आले. बराकीतल्या त्याच्या गटाला मात्र ‘कॉर्पोरालशाफ्ट’ हेच जुने नाव चिकटून राहिले.

एवढ्या सगळ्यात पक्की म्हणावी अशी एकच रेघ आहे, पोर्टेपेची. तलवारीच्या मुठीला बांधायचा चंदेरी गोंडा म्हणजे पोर्टेपे. ती मुळात सनदी अधिकाऱ्याची खूण. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रशियात फेल्डवेबेल आणि घोडदळातला त्याच्या बरोबरीचा वाख्टमायस्टर यांना तो गोंडा बांधायची मुभा मिळाली आणि या वर्गाची उभी फाळणी झाली: पोर्टेपेवाले आणि बिनपोर्टेपेवाले. आजच्या सैन्यात कमरेला तलवार नाही, गोंडाही नाही. हुद्द्यांच्या अधिकृत गटांची नावे मात्र अजून तीच आहेत.

1871 ते 1918 या कैसरी काळात चढती क्रमवारी उंटरऑफित्सियर, सार्जंट, व्हीत्सेफेल्डवेबेल, फेल्डवेबेल अशी होती. यातले शेवटचे दोन पोर्टेपेवाले. घोडदळ आणि मैदानी तोफखान्यात फेल्डवेबेलच्या जागी वाख्टमायस्टर म्हणत, येगर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, पलटणींत उंटरऑफित्सियरला ओबरयेगर. त्या काळचे फोटो ओळखताना नेहमीची फसगत कॉलरपाशी होते. उंटरऑफित्सियरच्या कॉलरला आणि बाहीच्या कफला ‘ट्रेसं’ ही झगझगीत विणीची फीत असे. सार्जंटलाही हुबेहूब तीच, फक्त कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठे बटण जादा. माणूस अर्धवट वळून बसला की बटण दिसेनासे होते आणि सार्जंटची एक पायरी उतरते. तोफखान्यातल्या ओबरगेफ्रायटरला, म्हणजे वरच्या पायरीच्या शिपायाला, मोठे बटण असे पण फीत नसे, म्हणून नुसते बटण पाहून त्याला सार्जंट ठरवणे ही उलटी चूक. व्हीत्सेफेल्डवेबेलची कॉलर सार्जंटसारखीच, तेव्हा तिथे नजर कमरेच्या शस्त्राकडे न्यावी, गोंडा तिथे असतो. बाहीवर कफच्या वर आणखी एक फीत दिसली तर तो कंपनीचा मुख्य, ‘एटाटमेसिगर’ फेल्डवेबेल.

या मुख्य फेल्डवेबेलला शिपाई ‘श्पीस’, म्हणजे भाला, म्हणत आणि अजूनही म्हणतात. ‘कंपनीची आई’ हे त्याचे दुसरे नाव. हजेरी, कामवाटप, रजेचे कागद, शिधा, कपडेलत्ते, बराकीची शिस्त, सगळे त्याच्या हातात. वेरमाख्टमध्ये, म्हणजे हिटलरच्या काळातल्या सैन्यात, त्याला हाउप्टफेल्डवेबेल म्हणत, पण तो हुद्दा नव्हता, नेमणूक होती. ती ज्याच्याकडे असे तो दोन्ही बाह्यांवर फितीची दोन कडी लावी. शिपाई त्यांना ‘पिस्टन रिंगा’ म्हणत. अंगरख्याच्या दोन बटणांमध्ये खोचलेली जाडजूड टिपणवही ही त्याची दुसरी ओळख. गंमत म्हणजे बुंडेस्वेरमध्ये, म्हणजे आजच्या जर्मन सैन्यात, हाउप्टफेल्डवेबेल हा रीतसर हुद्दा आहे आणि श्पीसच्या नेमणुकीचे नाव कंपनीफेल्डवेबेल आहे. उजव्या खांद्यावरून लोंबणारी पिवळी गोफदार दोरी दिसली की समजावे, श्पीस आला. 1940 सालचा हाउप्टफेल्डवेबेल आणि आजचा, दोघांचे भाषांतर एकाच शब्दाने केले की वाचक हमखास फसतो.

कैसरी काळात या वर्गाच्या डोक्यावर एक न दिसणारे छत होते. ठरलेली मुदत संपल्यावर करार करून पुढे राहणाऱ्याला ‘कापिटुलांट’ म्हणत. त्याने बारा वर्षे भरली की सरकारी नोकरीचा हक्क देणारा दाखला मिळे. पोलीस, टपाल आणि रेल्वे अशा जुन्या शिपाईगड्यांनी भरली. सनदी अधिकारीपदाचे दार मात्र जवळजवळ बंदच होते. पहिल्या महायुद्धात अधिकारी कमी पडले तेव्हाही सरसकट बढत्या देण्याऐवजी ‘ऑफित्सियरश्टेलफरट्रेटर’, म्हणजे अधिकाऱ्याचा बदली माणूस, ही आधीपासूनची नेमणूक सढळ हाताने वापरली गेली. काम प्लाटूनच्या अधिकाऱ्याचे, दर्जा बिगरसनदीच. फेल्डवेबेल-लॉयटनांट हा त्याहून अवघडलेला: गणती लेफ्टनंटात, पण कालपरवा लागलेल्या सर्वांत कनिष्ठ लेफ्टनंटच्याही खाली. तो आपल्याकडच्या सुभेदारासारखा वाटतो, पण त्या तुलनेत दम नाही. सुभेदार ही भारतीय सैन्यातली कायमची, मानाची पायरी आहे, तर फेल्डवेबेल-लॉयटनांट ही अडचणीपुरती काढलेली पळवाट होती.

व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले, अधिकारी चार हजारांवर, आणि शिपाई व बिगरसनदी माणसांना बारा वर्षांची सक्तीची मुदत घातली. दर वर्षी नवे तरुण शिकवून राखीव फौज जमवता येऊ नये, हा त्यामागचा डाव. झाले उलटेच. राइखस्वेरने, म्हणजे तहानंतरच्या या छोट्या सैन्याने, बारा वर्षांत माणसाला वरच्या पायरीचे काम शिकवून ठेवले आणि 1935 नंतर सैन्य फुगले तेव्हा हीच मुरलेली माणसे शिक्षक म्हणून, काही तर अधिकारी म्हणून, कामी आली. राइखस्वेरमध्ये सार्जंट हे नाव जाऊन उंटरफेल्डवेबेल आले आणि वर ओबरफेल्डवेबेल वाढला. वेरमाख्टने त्यावर श्टाब्सफेल्डवेबेल चढवला. खांद्यावरची खूण वाचायला सोपी होती. नऊ मिलिमीटर रुंदीची फीत बाहीच्या टोकाशी उघडी असली तर उंटरऑफित्सियर, चारी बाजूंनी बंद असली तर उंटरफेल्डवेबेल. बंद फितीच्या आत एक चांदणी फेल्डवेबेलची, दोन ओबरफेल्डवेबेलच्या, तीन श्टाब्सफेल्डवेबेलच्या. भारतीय युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या आझाद हिंद लीजनमध्ये, म्हणजे जर्मनांच्या 950 क्रमांकाच्या रेजिमेंटमध्येही, हीच नावे आणि हीच चिन्हे होती.

मराठीत वारंवार दिसणारी एक चूक इथेच नोंदवावी. ‘कॉर्पोरल हिटलर’ असे लिहिले जाते, पण पहिल्या महायुद्धात तो गेफ्रायटर होता, त्यापुढे गेला नाही. गेफ्रायटर म्हणजे काही पहाऱ्यांतून ‘मोकळा केलेला’ जुना शिपाई. तो शिपायांच्याच वर्गात मोडतो, बिगरसनदी अधिकाऱ्यांत नाही. चूक इंग्रजी भाषांतरातून आपल्याकडे आली आहे.

पूर्व जर्मनीच्या सैन्याने उंटरफेल्डवेबेलसह जुनी नावे ठेवली आणि 1970 च्या दशकात सोव्हिएत प्रापोर्श्चिकच्या धर्तीवर फेनरिश हा मधला वर्ग जोडला. पश्चिमेच्या बुंडेस्वेरमध्ये, आणि 1990 नंतर एकत्रित सैन्यात, क्रम असा लागतो: बिनपोर्टेपेचे उंटरऑफित्सियर आणि श्टाब्सउंटरऑफित्सियर, मग पोर्टेपेवाले फेल्डवेबेल, ओबरफेल्डवेबेल, हाउप्टफेल्डवेबेल, श्टाब्सफेल्डवेबेल, ओबरश्टाब्सफेल्डवेबेल. चांदण्या सनदी अधिकाऱ्यांकडे गेल्या, फेल्डवेबेलपासून पुढे कोनाकृती पट्ट्या आल्या. नौदलात पहिल्या दोघांना माट आणि ओबरमाट, फेल्डवेबेलला बोट्समान म्हणतात. फेनरिश इथेही आहे, पण तो अधिकारीपदाचा उमेदवार, फेल्डवेबेलच्या बरोबरीचा. पूर्वेकडच्या फेनरिशशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

हुकूम कोणी कोणाला द्यावा यात ती जुनी रेघ आजही कायद्याने चालते. कंपनीत कामाच्या वेळी पोर्टेपेवाला बिनपोर्टेपेवाल्याला आणि शिपायाला हुकूम देऊ शकतो. पण हाउप्टफेल्डवेबेलने ओबरफेल्डवेबेलला निव्वळ हुद्द्याच्या जोरावर दिलेला हुकूम चालत नाही, कारण दोघे एकाच गटातले. त्याला गटनायक किंवा प्लाटूनप्रमुख अशी नेमणूक हवी, किंवा श्पीसची. श्पीसचे म्हणणे कंपनीतल्या साऱ्या बिगरसनदी माणसांना आणि शिपायांना ऐकावे लागते. बाहेरून आलेले, विशेषतः ‘वरचा तो साहेब’ या हिशेबात मुरलेले लोक इथे गोंधळतात.

2001 पासून सर्व शाखा स्त्रियांना खुल्या आहेत. हुद्द्यांची नावे मात्र पुल्लिंगीच राहिली, हाक ‘फ्राउ फेल्डवेबेल’ अशी मारतात. 2021 मध्ये कॉर्पोरल हे नावही परत आले, सोबत श्टाब्सकॉर्पोरल. दोघांना जागा मिळाली ती शिपायांच्या गटात, सर्वांत वर, उंटरऑफित्सियरच्या खाली.