अनोळखी नेटवर्क जोडणी

अनोळखी नेटवर्क जोडणी : घरच्या संगणकावर आपण केलेली नाही, किंवा केल्याचे आठवत नाही, अशी इंटरनेट जोडणी दिसू लागणे. ती ‘इंटरनेट कनेक्शन’, ‘इंटरनेट गेटवे’, ‘नेटवर्क २’, ‘इथरनेट ३’ अशा कोरड्या नावांनी येते, नाहीतर वायफायच्या यादीत कोणाच्या तरी आडनावाने. घरात पहिली शंका येते ती ‘कोणी आत शिरलं का?’ हीच. बहुतेक वेळा कोणी शिरलेले नसते, पण क्वचित शिरलेलेही असते, म्हणून ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या प्रकारात तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात : जोडणी दिसणे, ती संगणकाने ओळखणे आणि संगणक तिला प्रत्यक्ष जोडला जाणे. संगणक सतत आजूबाजूचे ऐकत असतो. जे कानावर पडते त्याची तो यादी करतो. त्यातले जे पूर्वी भेटलेले वाटते त्याला जुने नाव देतो, जे नवे वाटते त्याला नवा क्रमांक देतो. यादीत नाव येणे म्हणजे त्या नावाशी देवाणघेवाण सुरू झाली असे नव्हे. धरमपेठेत किंवा मनीषनगरात चार मजली स्कीममध्ये (नागपुरात फ्लॅटच्या इमारतीला स्कीमच म्हणतात) बैठकीत बसून वायफाय उघडले, तर दहा-पंधरा नावे सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून आरपार जातात, एवढाच त्याचा अर्थ.

इंटरनेट गेटवे. या प्रकाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त घाबरवणारे रूप विंडोज एक्सपीच्या काळातले. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या या प्रणालीत ‘नेटवर्क कनेक्शन्स’ उघडले, की नेहमीच्या लॅन कार्डाच्या (संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या भागाच्या) वर ‘इंटरनेट गेटवे’ असा वेगळा मथळा आणि त्याखाली ‘इंटरनेट कनेक्शन’ असे चिन्ह कधी कधी आपोआप उगवे. ते पुसावे म्हटले तर पुसता येत नसे, आणि संशय वाढायला तेवढे पुरे होई.

हे चिन्ह येई ते युनिव्हर्सल प्लग अँड प्ले या पद्धतीमुळे. घरातल्या यंत्रांनी एकमेकांना आपणहून ओळखावे, मालकाला आकडेमोड करावी लागू नये, यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने १९९९ मध्ये कंपन्यांचा एक गट स्थापन झाला आणि त्याने हे संकेत ठरवले. पद्धत अशी : संगणक २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर हाक देतो, ‘इथे कोणी आहे का?’ राउटर, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घरातल्या यंत्रांना वाटून देणारी पेटी, उत्तर देतो, ‘मी आहे, इंटरनेटचे दार माझ्याकडे आहे.’ एवढ्या संभाषणावर संगणक चिन्ह काढतो. म्हणजे ती नवी जोडणी नसून जुन्याच जोडणीचा पलीकडचा भाग असतो. आधी तो दिसत नव्हता, आता दिसू लागला. राउटर बदलला, त्यात नवी प्रणाली भरली किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकावर इंटरनेट वाटून देण्याची सोय सुरू केली, की हाकेला ओ देणारा कोणीतरी नवा तयार होतो. वाटून देण्याची ही सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून आहे.

एक बाब मात्र गंभीर होती. वाटून देणाऱ्याने परवानगी ठेवली असेल, तर इतर संगणकांवरून या चिन्हाद्वारे मूळ जोडणी बंद करता येत असे. वरच्या मजल्यावर कोणी ‘हे नको ते काय आहे’ म्हणून बंद केले, की खालच्या मजल्यावरचे नेट जाई. पुढच्या विंडोजमध्ये हे चिन्ह ‘नेटवर्क’च्या खिडकीत, ‘नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर’ या मथळ्याखाली गेले आणि गोंधळ बराच ओसरला.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती घरातल्या प्रत्येकावर विश्वास ठेवून रचलेली आहे. हाक देणाऱ्याला ती ओळखपत्र विचारत नाही. डिसेंबर २००१ मध्येच एक्सपीतल्या तिच्या सेवेत मोठी त्रुटी सापडली. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या संगणक-सुरक्षा कंपनीने जगभरची तपासणी केली, तेव्हा ४ ते ५ कोटी यंत्रे या पद्धतीच्या दोषांमुळे बाहेरून धोक्यात असल्याचे आढळले. घरात ऑनलाइन खेळ किंवा कॅमेऱ्यासाठी तिची गरज नसेल, तर राउटरमध्ये ती बंद ठेवणे शहाणपणाचे.

गल्लीची वायर. जोडणी खरोखरच दुसऱ्याची असते, असाही एक प्रकार आहे. केबलवाल्याने खांबावरून, गच्चीवरून वायर ओढून घराघरांत इंटरनेट देण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांनी पाहिली. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा २००५ च्या जानेवारीत सुरू झाली, तरी टेलिफोनची लाइन नसलेल्या वस्त्यांत केबलवालाच जवळचा. अशा ठिकाणी अनेकदा अख्खी गल्ली एकाच जाळ्यावर असे. त्यात एखाद्या घराने राउटर आणला आणि बाहेरून आलेली वायर त्याच्या ‘वॅन’ (बाहेरच्या वायरीसाठीच्या) पोर्टऐवजी चुकून ‘लॅन’ (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टला लावली, तर तो राउटर साऱ्या गल्लीला आपले घर समजू लागतो. शेजारच्या संगणकांना आयपी पत्ते (जाळ्यावर यंत्र ओळखण्याचे आकडे) तोच देऊ लागतो, आणि त्यांच्या पडद्यावर कधी न पाहिलेले ‘इंटरनेट गेटवे’ हजर होते. नेट मात्र चालत नाही, किंवा अडखळत चालते. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. एक वायर एका खाचेने सरकलेली असते. केबलवाल्याला ‘कोणाचा तरी राउटर उलटा लागला आहे’ एवढे सांगितले तरी त्याला कळते, आणि तो एकेका घराची जोडणी तोडून बघत दोषी वायर शोधतो. चांगला केबलवाला प्रत्येक ग्राहकाला वेगळे बांधून ठेवतो, मग हा प्रसंग येतच नाही.

नवे आकडे, जुने जाळे. ‘नेटवर्क’चे ‘नेटवर्क २’ आणि मग ‘नेटवर्क ३’ होणे यामागे याहून साधे कारण असते. विंडोज एखादे जाळे ओळखते ते मुख्यतः राउटरच्या कारखान्यात ठरलेल्या यंत्र-क्रमांकावरून. राउटर बदलला की घर तेच, वायर तीच, पैसे घेणारा तोच. संगणकाच्या लेखी मात्र नवे गाव. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस, नवतपाच्या (उन्हाळ्यातल्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांच्या) आसपास आणि त्यानंतरच्या वादळी पावसात विजेच्या लपंडावाने किंवा कडकडाटाने मोडेम जळतो, माणूस येऊन दुसरा बसवून जातो, आणि संध्याकाळी संगणक विचारतो, ‘या नेटवर्कवर इतरांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का?’ नवे जाळे तो सार्वजनिक धरतो, त्यामुळे कालपर्यंत चालणारा सामाईक प्रिंटर एकाएकी दिसेनासा होतो. जळलेला मोडेम आणि रुसलेला प्रिंटर यांचा संबंध घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि संशय उगाच नव्या नावावर जातो.

‘इथरनेट २’, ‘इथरनेट ३’ ही नावे जाळ्याची नसून संगणकातल्या कार्डांची असतात. चार्जिंगसाठी यूएसबीने लावलेल्या मोबाइलमध्ये टेदरिंग (मोबाइलचे नेट संगणकाला देण्याची सोय) सुरू राहिले, की संगणक त्या मोबाइललाच लॅन कार्ड समजतो. ‘लोकल एरिया कनेक्शन’च्या पुढे तारांकन आणि आकडा असेल, तर ते वायफाय डायरेक्टसाठी (राउटरविना दोन यंत्रे थेट जोडण्यासाठी) विंडोजने स्वतःच तयार केलेले आभासी कार्ड असते. ऑफिसच्या व्हीपीएनचे (दूरच्या जाळ्याशी बांधलेल्या खासगी जोडणीचे), व्हर्च्युअल मशीनचे (संगणकातल्या आभासी संगणकाचे), ब्लूटूथचे अशी आणखी कार्डे निघतात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बंगळुरूहून घरी परतलेल्या मुलामुलींनी घरच्या संगणकावर कामाची सॉफ्टवेअर बसवली. ती परत गेली आणि ही कार्डे मागे राहिली.

विंडोज ८ नंतर आणखी एक चकवा सुरू झाला. ‘नेटवर्क’च्या खिडकीत अनोळखी मोबाइल किंवा टॅब मॉडेलच्या नावासकट दिसतो. तो आपल्या वायफायवर असेलच असे नाही. बटण दाबून यंत्र जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीएस पद्धतीचे संकेत संगणक हवेतून टिपतो आणि शेजारच्या घरातले यंत्रही यादीत मांडतो. खात्री करायची तर राउटरच्या पानावरची जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी, कारण आत कोण आहे हे राउटरलाच ठाऊक असते.

पत्त्यावरून माग. जोडणीचे नाव फसवे असले तरी तिला मिळालेला पत्ता बरेच सांगून जातो. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले की पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसतो. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा गेटवे म्हणजे बहुधा घरचा राउटर. १९२.१६८.१३७.१ असेल तर कुठला तरी विंडोज संगणक आपले नेट वाटतो आहे. १७२.२०.१० ने सुरू होणारा पत्ता आयफोनच्या हॉटस्पॉटचा, १९२.१६८.४२ आणि १९२.१६८.४३ हे जुन्या अँड्रॉइडचे, पहिला यूएसबीचा आणि दुसरा हॉटस्पॉटचा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर संगणकाला कोणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतला आहे.

याच शोधात एक वेगळी धास्ती भेटते. ‘माझा आयपी पत्ता’ सांगणारे संकेतस्थळ उघडले की नागपूरच्या नंदनवन भागात बसलेल्या माणसाला आपण मुंबईत किंवा दिल्लीत असल्याचे कळते. मोठ्या कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्याच बाहेरच्या पत्त्यांमागे ठेवतात, आणि त्या पत्त्यांची नोंद कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या केंद्राच्या नावावर असते. ही चोरीची खूण नव्हे.

खरा धोका. मोडेमच्या किरकिर आवाजाचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना ‘डायलर’ आठवतील. ही छोटी घातक सॉफ्टवेअर संगणकावर गुपचूप नवी डायल-अप जोडणी तयार करत आणि इंटरनेट कंपनीऐवजी परदेशातल्या महागड्या क्रमांकाला फोन लावत; टेलिफोनचे बिल आले की चोरी उघड होई. अनोळखी जोडणीची धास्ती त्या काळी अगदी रास्त होती. आज तिची जागा आपण न बसवलेल्या व्हीपीएनने आणि प्रॉक्सीच्या (नेट ज्या मध्यस्थामार्फत जाते त्याच्या) बदललेल्या नोंदीने घेतली आहे. कार्डाच्या गुणधर्मांत ते कोणत्या कंपनीचे आहे हे लिहिलेले असते. ती कंपनी घरातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरशी जुळत नसेल, तर जोडणी आधी ‘डिसेबल’ करावी, लगेच पुसू नये. काही बिघडले तर ती परत चालू करता येते, आणि पुढे कोणाला दाखवायची झाली तर पुरावाही शिल्लक राहतो.

पण सर्वांत मोठे नुकसान अनोळखी नावांनी केलेले नाही. डीएनएसचेंजर या घातक सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांत शिरकाव केला. जोडणीचे नाव, चिन्ह, वेग सगळे जसेच्या तसे. आत फक्त डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता बदललेला, त्यामुळे संकेतस्थळाचे नाव टाकले की माणूस चोरांच्या इच्छेप्रमाणे भलतीकडे जाई. अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या कारवाईत नोव्हेंबर २०११ मध्ये ही टोळी पकडली गेली. बाधित संगणकांसाठी तात्पुरते चालू ठेवलेले पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ ला बंद झाले, तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपला संगणक इतके दिवस बाधित होता. वायफायमध्येही तसेच. आपल्याच वायफायचे नाव लावून जवळच कोणी दुसरे केंद्र उभे केले, तर यादीत नवे काहीच दिसत नाही. आपले जाळे पासवर्डचे असताना त्याच नावाचे उघडे जाळे दिसू लागले, तर ते टाळावे.

उघड्या वायफायची किंमत काय असू शकते हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोचला. घरचे वायफाय पासवर्डविना होते आणि बाहेरच्यांनी ते वापरले होते. त्यानंतर वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल दूरसंचार विभागाने सूचना काढल्या. आपल्या राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा असावी. डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा २००१ मध्येच भेदली गेली आहे. दुसऱ्या बाजूने, शेजाऱ्याचे उघडे वायफाय विचारल्याशिवाय वापरणे हेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘पासवर्डच नव्हता’ ही सबब कायद्यात लिहिलेली नाही.

अनोळखी जोडणी दिसू लागल्यानंतर खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. नागपूर शहरात सायबर पोलिस ठाणेही आहे. जाण्यापूर्वी जोडणीच्या पानाचा तारखेसह फोटो, ‘आयपीकॉन्फिग’चे उत्तर आणि राउटरवरची यंत्रांची यादी जपून ठेवावी. राउटर रिसेट केला तर त्यावरची ही यादी जाते.