शिक्का माफ होतो तो कार्डामुळे, लग्नामुळे नाही

गोव्यात हे सर्रास ऐकू येतं: नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज झाला की भारतीय पासपोर्टवाल्या बायकोला युरोपच्या सीमेवर शिक्का लागत नाही. हे अर्धसत्य आहे. युरोपीय संघाच्या (ईयू) २००४/३८ क्रमांकाच्या निर्देशातलं कलम ५(३) शिक्का माफ करतं, पण निवास कार्ड दाखवलं तरच. विवाहाचा दाखला पुढे केलात तर अधिकारी शिक्का मारणारच, आणि त्याचं बरोबरच आहे.

कार्डही नेमकं तेच हवं. नव्या कार्डांवर ‘फॅमिली मेंबर ईयू’ आणि पुढे ‘आर्ट १०’ किंवा कायम निवासाचं ‘आर्ट २०’ छापलेलं असतं. घोळ होतो तो इथेच. पोर्तुगीज नवऱ्याबरोबर जर्मनीत राहणाऱ्या बायकोला हे कार्ड मिळतं. जर्मनीतच राहणाऱ्या जर्मन माणसाच्या बायकोला मात्र साधा राष्ट्रीय परवाना, कारण नवरा स्वतःच्याच देशात आहे. अर्जाची पावती कार्डाच्या जागी चालत नाही, आणि कार्ड यायला सहा महिनेही लागू शकतात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या) सीमांवर शिक्क्याऐवजी टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली. हे कार्ड असलेल्यांना त्यातूनही सूट आहे. तेव्हा खिडकीवर पासपोर्टसोबत कार्ड आधीच पुढे करा. नोंद झाल्यावर ती पुसून घेणं जिकिरीचं.