माळवदाखाली गेलेले फोटो : शोक, कुटुंब आणि व्हिडिओकला

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे 3.56 वाजता किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, अशी तिथली घरं. 6.2 तीव्रतेच्या धक्क्यात ती झोपलेल्या माणसांवरच बसली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 10 हजार माणसं गेली. कोनाड्यातल्या तसबिरी, ट्रंकेतले लग्नाचे फोटोही त्याच मातीत गेले. पुढं पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट मिळाले. पण भावकीची जुनी गल्ली राहिली नाही. मराठवाड्यात कौटुंबिक आठवणींवर व्हिडिओ करायला बसणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यायला हवं.

व्हिडिओकला म्हणजे व्हिडिओ हेच माध्यम घेऊन केलेली कला. तिचा उगम या मातीपासून दूरचा. 1967 च्या सुमारास सोनीचा खांद्याला अडकवून नेता येणारा पोर्टापॅक हा व्हिडिओ कॅमेरा-रेकॉर्डर बाजारात आला आणि स्टुडिओशिवाय चित्रण शक्य झालं. घरातलं मरण त्यामुळं कॅमेऱ्याच्या टप्प्यात आलं. अमेरिकेचे व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला यांनी 1992 च्या ‘नान्त ट्रिप्टिक’ या तीन पडद्यांच्या कलाकृतीत एका पडद्यावर बाळंतपण, दुसऱ्यावर स्वतःच्या आईचे अखेरचे क्षण आणि मधल्यावर पाण्यात तरंगणारा माणूस ठेवला. आपल्याकडं चित्रकार आणि व्हिडिओ कलाकार नलिनी मलानी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1946 साली कराचीत जन्म, फाळणीत कुटुंब विस्थापित. 1998 च्या त्यांच्या मांडणीत पत्र्याच्या ट्रंकांमध्ये टीव्ही संच होते. ट्रंकेत घर भरून निघालेल्या माणसांचं दुःख दाखवायला याहून नेमकी वस्तू मला सुचत नाही.

मराठवाड्यात मात्र चित्रांआधी आवाज होता. मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात तेव्हा गेलेल्याचा सारा जन्म सांगतात: त्यानं काय सोसलं, कुणाला जेवू घातलं, कुणाला उघड्यावर टाकून गेला. जात्यावरच्या ओव्यांतही मेलेली आई आणि तुटलेलं माहेर पुन्हा पुन्हा येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या बायकांचे गळेही त्यात आहेत. 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे ग्रामीण भारताबद्दलचं संकेतस्थळ हा संग्रह ध्वनिमुद्रणं आणि चित्रफितींसह लोकांपुढं आणत आहे. माझ्या मते इथल्या व्हिडिओकलेचा खरा पूर्वज हा आवाजच.

नव्वदच्या दशकात लग्नाची शूटिंग तालुक्यापर्यंत पोचली. त्या व्हीएचएस कॅसेटींत मांडवात जेवण वाढणारा चुलता, कोपऱ्यात बसलेली आजी नकळत टिपली गेली. पुष्कळ घरांत त्यांची हलतीबोलती आठवण तेवढीच. दमट कपाटात टेपला बुरशी लागते, चुंबकीय थर सुटतो. व्हीसीआरचं उत्पादनही 2016 मध्ये थांबलं. भूकंपातून वाचलेल्या किंवा त्यानंतरच्या या कॅसेटी डिजिटल रूपात उतरवून घेताना शेजारी घरातलं जाणतं माणूस बसवावं आणि त्याचं बोलणंही मुद्रित करावं. मांडवातला कोण कुणाचा, हे फितीवर कुठंच लिहिलेलं नसतं.