टायटल सेव्हन आणि फेहा: कॅलिफोर्नियातील भेदभावविरोधी दोन कायदे आणि न्यायालयांची दृष्टी

कॅलिफोर्नियात नोकरी गेलेला माणूस भेदभावाचा दावा लावतो तेव्हा अर्जात बहुधा दोन कायद्यांची नावे शेजारी शेजारी असतात: 1964 च्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, सिव्हिल राइट्स ॲक्टचे सातवे प्रकरण, म्हणजे ‘टायटल सेव्हन’, आणि राज्याचा ‘फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग ॲक्ट’, ज्याला वकील मंडळी ‘फेहा’ म्हणतात. दोन्हींची भाषा इतकी सारखी आहे की राज्याचा कायदा ही फेडरल कायद्याची स्थानिक प्रत असावी असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. राज्याचा मूळ रोजगार कायदा 1959 चा, म्हणजे वयाने थोरला. 1980 मध्ये तो घरांविषयीच्या कायद्याशी जोडला गेला आणि आजचे नाव मिळाले. शिवाय फेडरल कायद्याने कामगाराच्या संरक्षणाची किमान पातळी ठरवली आहे, त्याहून अधिक संरक्षण देण्यास राज्ये मोकळी आहेत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कॅलिफोर्नियाच्याच गरोदरपणाच्या रजेच्या कायद्याबाबत मान्य केले.

बाह्य फरक चटकन सांगता येतात. टायटल सेव्हन किमान 15 कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होते. फेहासाठी 5 पुरेसे आहेत, आणि छळाच्या तक्रारीला तर एक कर्मचारीही चालतो. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल आयोगाकडे कॅलिफोर्नियातून साधारणपणे 300 दिवसांत जावे लागते, तर राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे जाण्यासाठी 2020 पासून तीन वर्षे मिळतात. मानसिक त्रासाची आणि दंडात्मक भरपाई मिळून टायटल सेव्हनखाली मोठ्यात मोठ्या कंपनीकडूनही 3,00,000 डॉलरच्या वर जात नाही. फेहात अशी कमाल मर्यादा नाही.

खरी गुंतागुंत पुराव्यापाशी सुरू होते. मालकाच्या मनातले सहसा कागदावर येत नाही, म्हणून 1973 च्या ‘मॅक्डोनेल डग्लस विरुद्ध ग्रीन’ निकालाने तीन पायऱ्यांची कसोटी घालून दिली: वादीने प्रथमदर्शनी संशय उभा करायचा, मालकाने निर्णयाचे रास्त कारण सांगायचे, आणि ते कारण बहाणा आहे हे वादीने दाखवायचे. ही फेडरल कसोटी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या ‘गझ विरुद्ध बेक्टेल’ निकालात फेहासाठीही वापरली. दोन कायद्यांची गल्लत होते ती बरीचशी इथेच, कारण राज्याची न्यायालये फेडरल निकालांचा हवाला सर्रास देतात. पण चौकट एक असली तरी तिच्यात कोणता पुरावा बसतो याचे उत्तर वेगळे येते. पदच्युतीचा निर्णय ज्याने घेतलाच नाही अशा सहकाऱ्याचा वयावरून मारलेला टोमणा अनेक फेडरल न्यायालये ‘सुटा शेरा’ म्हणून बाजूला ठेवत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने 2010 च्या ‘रीड विरुद्ध गूगल’ प्रकरणात हा शिरस्ता नाकारला आणि असा शेरा बाकीच्या पुराव्यासोबत तोलावा असे ठरवले. माझ्या मते भरपाईच्या आकड्यांपेक्षा हा फरक मोठा आहे, कारण शेरा वगळला गेला की अनेक दावे ज्यूरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मात्र राज्याचा कायदा प्रत्येक बाबतीत कामगाराला अधिक उदार आहे असे मानणेही चूक ठरेल. मालकाच्या निर्णयामागे भेदभाव आणि रास्त कारण असे दोन्ही असतील तेव्हा काय? 1991 च्या दुरुस्तीनंतर टायटल सेव्हनखाली भेदभाव हा निर्णयामागचा एक प्रेरक घटक होता एवढे दाखवले तरी मालकाची जबाबदारी सिद्ध होते. फेहाबाबत मात्र 2013 मध्ये ‘हॅरिस विरुद्ध सिटी ऑफ सँटा मोनिका’ या खटल्यात, गरोदर असल्याचे सांगितल्यावर कामावरून काढलेल्या बसचालक महिलेच्या दाव्यात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भेदभाव हा ‘लक्षणीय’ प्रेरक घटक असला पाहिजे अशी अट घातली. भेदभाव नसता तरी हाच निर्णय झाला असता असे मालकाने सिद्ध केले, तर दोन्ही कायद्यांत नुकसानभरपाई हातची जाते. मनाई हुकूम आणि वकिलाचा खर्च तेवढा मिळू शकतो.

राज्याचा कायदा म्हणजे राज्याचे न्यायालय, हीसुद्धा अशीच एक गल्लत. दावा केवळ फेहाखाली असला, पण कंपनी दुसऱ्या राज्यातली आणि मागणी 75,000 डॉलरच्या वर असली, तर ती कंपनी खटला फेडरल न्यायालयात नेऊ शकते. तिथे कायदा फेहाच राहतो, पण ज्यूरीला एकमत लागते. राज्याच्या न्यायालयात बारांपैकी नऊ जणांचे मत पुरते. त्यामुळे कॅलिफोर्नियात राहणाऱ्या वरिष्ठालाही प्रतिवादी करून, म्हणजे दोन्ही बाजूंना त्याच राज्यातला माणूस आणून, खटला राज्याच्या न्यायालयातच ठेवणे हा वादीचा डावपेच बनतो, आणि त्यालाही फेहाने कुंपण घातले आहे: छळासाठी वरिष्ठ व्यक्तिशः जबाबदार धरला जातो, पण नोकरीवरून काढण्यासारख्या भेदभावी निर्णयासाठी फक्त मालक.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा प्रश्न जातीचा. दोन्ही कायद्यांत ‘जात’ हा शब्द नाही, पण फेहाच्या संरक्षित यादीत ‘ॲन्सेस्ट्री’ म्हणजे पूर्वजपरंपरा स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. टायटल सेव्हनच्या यादीत वंश, त्वचेचा रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ एवढेच आहे. दलित अभियंत्याशी भेदभाव झाल्याच्या आरोपावरून राज्याच्या खात्याने 2020 मध्ये सिस्को कंपनीवर आधी फेडरल न्यायालयात दावा लावला, नंतर तो मागे घेऊन सँटा क्लारा काउंटीच्या न्यायालयात फेहाखाली नव्याने दाखल केला. भेदभाव केल्याचा आरोप असलेल्या दोन अभियंत्यांवरील दावे 2023 मध्ये सोडून देण्यात आले, कंपनीवरचा चालू राहिला. त्याच वर्षी जातीचा स्पष्ट उल्लेख करणारे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी, असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे म्हणून विधेयकाची गरज नाही, असे सांगून ते परत पाठवले. गव्हर्नरचे हे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसते, त्यामुळे ‘ॲन्सेस्ट्री’त जात बसते की नाही हे प्रत्येक दाव्यात न्यायालयालाच ठरवावे लागते.