टोलयंत्राची जुळणी
टोलयंत्राची जुळणी : लंबकाच्या उभ्या घड्याळाची साफसफाई झाल्यावर त्यातील ठोके देणारी चक्रमाला पुन्हा योग्य अवस्थेत बसवण्याची कारागिरी. वेळ दाखवणाऱ्या मालेतले चक्र कोणत्या दातावर बसले याने काही बिघडत नाही. भाग स्वच्छ झाले आणि जागच्या जागी गेले की लंबक चालू लागतो. टोलाच्या मालेत मात्र एका दाताचा फरकही कानाला कळतो. नुकतेच साफ करून आणलेले घड्याळ तीनला दोन ठोके देते किंवा वाजायचे थांबतच नाही, तेव्हा मोडलेला भाग शोधण्याआधी बसवणी तपासावी.

खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) घराघरांत ओळखीचे आहे ते किल्ली देऊन चालणारे भिंतीवरचे घड्याळ. वजनांवर चालणारे, पुरुषभर उंचीचे उभे घड्याळ त्या मानाने विरळ. जुळणीचे तत्त्व दोन्हींत एकच आहे. दुरुस्तीच्या दुकानात या साऱ्या कामाला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. ‘ओव्हरहॉल’ या मूळ इंग्रजी शब्दाचा तेलाशी संबंध नाही, पण कामाच्या शेवटी तेल द्यायचेच असते, म्हणून हे रूप चुकीचे वाटत नाही.

‘घड्याळ’ हा शब्द मुळात ठोक्याचाच आहे. छिद्र पाडलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले, म्हणजे २४ मिनिटांची एक घटिका भरली, की टांगलेल्या धातूच्या थाळीवर टोला देत. या थाळीला घडियाल म्हणत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात तिची जाडी दोन बोटे सांगितली आहे. शब्दाचे पूर्वपद घटी किंवा घटिका यांपासून आले याबद्दल दुमत नाही. उत्तरपदाची फोड अभ्यासक वेगवेगळी करतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने तेथे ‘घड्याय’ असा उच्चार ऐकू येतो.

ठोके मोजण्याच्या यंत्रणा दोन. जुनी खाचांच्या चक्राची. चक्राच्या कडेवर वाढत्या अंतराने खाचा असतात. तरफेचे टोक खाचेत पडले की माला थांबते. बारा तासांत १ ते १२ मिळून ७८ ठोके होतात; अर्ध्या तासाचा एकेक धरला तर ९०. (साडेबारा, एक आणि दीड या तिन्ही वेळी एकच ठोका पडतो, रात्री जाग आलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.) या चक्राला काटे कुठे आहेत याची खबर नसते. एकदा क्रम चुकला की तो चुकलेलाच राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी भिंतीवरच्या घड्याळांत ही यंत्रणा सर्रास आढळते.

दुसरी रॅकची, म्हणजे दातेरी पट्टीची. तासकाट्याबरोबर फिरणाऱ्या, बारा पायऱ्यांच्या चकतीवर दातेरी रॅकचे शेपूट पडते. चकतीला आकारावरून गोगलगाय म्हणतात. पायरी जितकी खोल, तितके दात मोकळे होतात आणि तितकेच ठोके पडतात. इथे ठोके काट्यांना बांधलेले असल्याने क्रम चुकत नाही. हिचा शोध एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १६७६ मध्ये लावला असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. त्याच्याच नावाशी दुसरा एक वाद जोडलेला आहे. कळ दाबताच वेळ वाजवून दाखवणाऱ्या खिशातल्या घड्याळाच्या एकाधिकारासाठी बार्लोने अर्ज केला, तेव्हा लंडनचा घड्याळकार डॅनियल क्वेअर याने हरकत घेतली. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने दोन्ही घड्याळे पारखून क्वेअरच्या बाजूने कौल दिला. त्याचे घड्याळ एकाच दाबात तास आणि पाव तास दोन्ही वाजवत होते, बार्लोच्या घड्याळात दोनदा दाबावे लागे. या निकालाच्या आधारे रॅकचे श्रेयही कधी कधी क्वेअरकडे वळवले जाते. ते सयुक्तिक वाटत नाही, कारण वाद खिशातल्या घड्याळाचा होता. मात्र १६७६ हे वर्षही काटेकोर न धरता सतराव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश म्हणणे अधिक सुरक्षित.

जुळणी करताना माला थांबलेल्या स्थितीत तीन गोष्टी पाहतात. पहिली, रॅकचे दात एकेक करून उचलणारे बोट शेवटचा दात उचलून मोकळे झालेले असावे. ते दातात अडकून राहिले तर पुढच्या वेळी रॅक खाली पडत नाही. दुसरी, हातोडीची शेपटी तिला उचलणाऱ्या खुंट्यांच्या चक्रावरून नुकतीच सुटलेली असावी, पुढच्या खुंटीला टेकलेली नसावी. मालेला हातोडी उचलण्याआधी थोडी मोकळी धाव मिळाली पाहिजे. सुटताक्षणी भार आला तर ती जागीच अडते. घट्ट तेलात हा दोष हमखास दिसतो. तिसरी गोष्ट इशाऱ्याच्या खुंटीची. तास भरण्यापूर्वी काही मिनिटे घड्याळात ‘खट्’ असा आवाज होतो. त्या क्षणी रॅक पडते, माला थोडी फिरते आणि ही खुंटी अडसराला टेकून थांबते. बरोबर तासाला अडसर दूर होतो आणि ठोके सुरू होतात. थांबलेल्या स्थितीत ही खुंटी अडसरापासून सुमारे अर्धा फेरा दूर ठेवतात. ती फार जवळ असली तर अडसर वर येण्याआधीच निसटते आणि ठोके इशाऱ्यालाच पडतात.

तिन्ही एकाच वेळी जमणे हे खरे कसब. जमले नाही तर चक्रे ज्यांच्यामध्ये बसवलेली असतात त्या दोन्ही पितळी पाट्यांचा एक कोपरा किंचित उघडून चक्र दातातून सोडवतात, एक दात पुढे सरकवतात आणि पाट्या मिटवून पुन्हा पाहतात. जुन्या घड्याळांच्या चक्रांवर कधी कधी टोच्याने केलेले ठिपके असतात. समोरासमोर यायच्या दातांची ती खूण होय. ठिपके न पाहता माला सुटी करणाऱ्याचा अर्धा दिवस जातो.

पाव तासाला धून वाजवणाऱ्या घड्याळात तिसरी माला असते. समोरून पाहता उजवे वजन धुनेचे, मधले चालीचे, डावे तासाच्या ठोक्यांचे. सर्वाधिक प्रचार वेस्टमिन्स्टर धुनेचा. ती १७९३च्या सुमारास केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चसाठी रचली गेली. १८५९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटच्या घड्याळाने घेतल्यावर जगभर पसरली. रचनाकार म्हणून जोसेफ जोवेट, जॉन रँडल आणि तेव्हा विद्यार्थिदशेत असलेला विल्यम क्रॉच अशी तीन नावे घेतली जातात. तिघांपैकी एकावर बोट ठेवण्याइतका पुरावा नाही. धुनेत चार-चार स्वरांचे पाच तुकडे आहेत. पाव तासाला एक, अर्ध्याला दोन, पाऊण तासाला तीन आणि पूर्ण तासाला चार असे तासात दहा तुकडे वाजतात, म्हणून धुनेच्या हातोड्या उचलणारा खुंट्यांचा ड्रम तासात दोन फेरे करतो. जुळणीची खूण आपल्या स्वरलिपीत सोपी आहे : पाव तासाला ग, रे, सा आणि मंद्र प असे सरळ उतरते स्वर आले पाहिजेत, आणि पूर्ण तासाची सांगता ‘सा’वर झाली पाहिजे. पाव तासाला दुसरे काही वाजले तर ड्रमचा स्क्रू ढिला करून तो फिरवतात. बहुतेक आधुनिक घड्याळांत पाट्या उघडाव्या लागत नाहीत. तुकड्यांची संख्या चुकत असेल तर घाई करू नये. जर्मन बनावटीच्या अनेक घड्याळांत पाऊण तासानंतर माला अडून राहते आणि फक्त तासाच्या उंच उचलीने सुटते, त्यामुळे एक-दोन तासांत गणित आपोआप जुळते.

हातोडी ठोका देऊन नाद देणाऱ्या दांडीपासून सुमारे दोन मिलिमीटर मागे थांबावी. टेकून राहिली तर नाद न उठता भांड्यासारखा ‘खण्ण’ आवाज येतो. अंतर जुळवताना हातोडीची तार वाकवतात, दांडी कधीही नाही. ती ठिसूळ असते.

खानदेशच्या हवेचा परिणाम मुख्यतः तेलावर आणि लंबकावर होतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. पोलादी दांड्याचा लंबक दर अंशाला दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो. म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीत लावलेले घड्याळ उन्हाळ्यात रोज दहा-पंधरा सेकंद हरवते. सरकीच्या मोसमात कापसाचे तंतू तेलाला चिकटून ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या यंत्रातल्या छोट्या पंख्याच्या टोकाशी काळा लेप बसतो, आणि ठोके रेंगाळत पडू लागतात. तेल म्हणून फक्त आसांच्या टोकांना द्यावे, दातांना नव्हे.

ठोक्यांचा त्रास नको म्हणून टोलाची किल्लीच न देण्याची रीत आहे. रॅकच्या घड्याळात ती महागात पडते. रॅक पडलेलीच राहते, बारानंतर गोगलगाईची उंच पायरी तिच्या शेपटाला येऊन भिडते आणि चांगले चालणारे घड्याळ एकच्या सुमारास बंद पडते. अशा वेळी लंबकाला दोष देऊन घड्याळ पुन्हा उघडले जाते; खरे तर टोलाची किल्ली दिली आणि थांबून राहिलेले ठोके वाजू दिले की काम होते.