नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका, सायलेन्सर आणि अशाच काही खास शस्त्रांची निर्मिती, हस्तांतरण व नोंदणी यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा. तो २६ जून १९३४ रोजी संमत झाला. बोलताना त्याला ‘एनएफए’ म्हणतात. बंदीचा कायदा अशी त्याची ख्याती असली, तरी मुळात तो कराचा कायदा आहे आणि त्याच्या पुढच्या बहुतेक भानगडी याच एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) टोळीयुद्धांना ऊत आला होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीपाशी उभे करून मारले. त्यात थॉम्पसन बनावटीच्या सबमशीनगन वापरल्या होत्या. रूझवेल्ट सरकारातील ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांना अशा शस्त्रांना आळा घालायचा होता. पण केंद्राला शस्त्रांवर थेट बंदी घालता येते का, याबद्दल शंका होती. कर बसवण्याच्या अधिकाराबद्दल मात्र वाद नव्हता. म्हणून प्रत्येक निर्मितीवर आणि हस्तांतरावर २०० डॉलर कर ठेवला गेला. थॉम्पसन गनची किंमतच तेव्हा जवळपास तेवढी होती. हा आकडा पुढे ९० वर्षे तसाच राहिला, आणि जो कर एके काळी खरेदीदाराची कंबर मोडत होता तो महागाईने किरकोळ करून टाकला.

मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. रायफलची नळी कापून कुणी कोटाखाली लपणारे शस्त्र करू नये, म्हणून आखूड रायफलींचाही समावेश केला होता. विरोध झाल्यावर पिस्तुले यादीतून गेली. त्यांची चोरवाट बुजवण्यासाठी घातलेली तरतूद मात्र मागे राहिली. त्यामुळे चार इंची नळीच्या पिस्तुलाला या कायद्याखाली नोंदणी लागत नाही आणि साडेपंधरा इंची नळीच्या रायफलीला लागते. रायफलीसाठी मर्यादा १६ इंच आहे, छर्रे झाडणाऱ्या शॉटगनसाठी १८ आणि एकूण लांबीसाठी २६. मोजण्याची रीत साधी आहे: बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा सरकता भाग) बंद करायचा, नळीच्या तोंडातून काठी आत सोडायची, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून मापायची. अर्ध्या इंचाच्या चुकीची शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकते.

सायलेन्सर या यादीत का आला, याचा समाधानकारक खुलासा १९३४ च्या चर्चांत सापडत नाही. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. नळीबाहेर पडणारा तप्त, दाबयुक्त वायू एकामागोमाग एक असलेल्या पडद्यांतून अडखळत जातो, पसरतो, थंड होतो आणि मग बाहेर पडतो. आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो, नाहीसा होत नाही. पडद्यावरच्या मारेकऱ्याचा ‘फुस्स’ आवाज ही करमणूक आहे. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका कोणत्याच सायलेन्सरने दबत नाही. ‘सप्रेसर’ हा शब्द जाणकारांना म्हणूनच अधिक पटतो. कायद्यात मात्र ‘सायलेन्सर’च आहे. कायद्याची व्याख्याही लांब हात पसरते: केवळ सायलेन्सरसाठीच बनवलेला एखादा सुटा भागसुद्धा सायलेन्सर ठरतो. राज्यांची तऱ्हा वेगळी. ४२ राज्यांत नागरिकाला तो बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांच्यासह आठ राज्यांत नाही.

खरेदीदाराला अर्जासोबत बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. दारू, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके यांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था ‘एटीएफ’ पार्श्वभूमी तपासते आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते.

न्यायालयांत कायदा टिकला, पण खरचटल्याशिवाय नाही. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध कर मानला. १९३९ च्या मिलर खटल्यात आखूड शॉटगनला संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीचे, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे, संरक्षण नाकारले. प्रतिवादींच्या बाजूने कुणी हजरच नव्हते. मोठा धक्का १९६८ च्या हेन्स निकालाने दिला. बेकायदा शस्त्र असलेल्याने नोंदणी करायची म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली द्यायची, आणि अशी सक्ती करता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला. बाँब, हातबाँब, तोफा यांचा नवा वर्ग जोडला आणि जुन्या शस्त्रांसाठी तीस दिवसांची माफीची मुदत दिली. महायुद्धातून आठवण म्हणून आणलेल्या कितीतरी मशीनगन तेव्हा कागदावर आल्या. ज्या राहिल्या, त्यांना आता दार बंद आहे: आजोबांच्या ट्रंकेत नोंद नसलेली मशीनगन सापडली, तर नातवाला तिची नोंदणी करता येत नाही.

१९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. साठा गोठला, त्यामुळे जुन्या नोंदवलेल्या मशीनगनला दहा-दहा हजारांच्या पटीत डॉलर मोजले जातात. मशीनगन म्हणजे चाप एकदा ओढल्यावर आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र. या व्याख्येवरच ‘बंप स्टॉक’चा, म्हणजे बंदुकीच्या धक्क्याच्या जोरावर झपाट्याने गोळ्या झाडू देणाऱ्या दस्त्याचा, वाद लढला गेला. २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडानंतर सरकारने हा जोड मशीनगनमध्ये मोजला. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तसे मोजणे चूक ठरवले, कारण प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ढकलला जातोच.

२०२५ मध्ये सायलेन्सर यादीतूनच वगळण्याचा प्रयत्न सिनेटच्या अर्थसंकल्पी नियमांत अडला. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने तडजोड केली: सायलेन्सर, आखूड रायफली आणि आखूड शॉटगन यांवरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, मशीनगन आणि स्फोटक शस्त्रांसाठी २०० डॉलर कायम राहिले. कराच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कर नसताना कशाच्या आधारावर उभी राहते, असा प्रश्न घेऊन बंदूकधारकांच्या संघटना लगेच न्यायालयात गेल्या. अर्जावर रकमेच्या जागी शून्य आले. ठसे आणि छायाचित्र मात्र अजून द्यावे लागते.