मॅडिसन नदीचे गार पाणी

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसे, केस आणि दोरा गुंडाळून गळालाच कीटकाचे रूप देतात. हा बनावट कीटक इतका हलका असतो की तो फेकून दूर जात नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. काठीच्या झोक्याने दोरी पुढे उलगडत जाते आणि तिच्या टोकाचा कीटक अलगद पाण्यावर टेकतो. त्या वेळी नदीतून कोणते कीटक बाहेर पडत आहेत हे ठाऊक नसेल, तर ही सारी मेहनत फुकट जाते. त्यामुळे अमेरिकेतील मोंटाना राज्यात मॅडिसन नदीवर येणारा जाणकार आधी पाण्यातला एखादा दगड उलटून पाहतो. दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या कीटकाची चपटी पिल्ले चिकटलेली असतात आणि त्यांच्या पोटाच्या कडांना पानांसारखे कल्ले हलताना दिसतात. नदीत गाळ साचला की दगडांमधल्या फटी बुजतात, ही पिल्ले नाहीशी होतात आणि त्यांच्यावर जगणारा ट्राउट हा मासाही उपाशी राहतो.

ट्राउटला पाणी स्वच्छ लागते, तसेच गारही लागते. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर २० अंशांना जेमतेम ९.१ मिलिग्रॅम. पाणी तापते तशी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. गळाला लागून झुंजलेला मासा आधीच दमलेला असतो, आणि कोमट पाण्यात सोडून दिल्यावरही तो सावरेलच असे नाही. म्हणून पाण्याचे तापमान सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेले, की मोंटानात सहसा दुपारी दोन ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवतात. या निर्बंधाचे नाव घुबडावरून, ‘हूट आउल’ असे पडले आहे. मॅडिसनला ही काळजी अधिक, कारण तिला मिळणारी फायरहोल नदी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या उष्ण झऱ्यांचे पाणी घेऊन येते.

मासे कमी झाले तर मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले आणून सोडावेत, असे पूर्वी सर्वांनाच वाटे. राज्याचे मत्स्यजीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी हे तपासून पाहिले. मॅडिसनच्या एका पट्ट्यात मासे सोडणे थांबवले, तेव्हा नदीतच जन्मलेले ट्राउट वाढले. जवळच्या ओडेल क्रीकमध्ये मासे सोडायला सुरुवात केली, तेव्हा तिथले घटले. प्रवाहातला मासा दगडाच्या आडोशाची एक जागा धरतो, कमी श्रमात तिथे थांबतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. हौदाच्या गर्दीत वाढलेल्या माशांना ही रीत ठाऊक नसते. ते घुसखोरी करतात, जागेवरून झटापटी होतात आणि खाण्यावर जायची शक्ती त्यात खर्च होते. १९७४ मध्ये मोंटानाने, जिथे ट्राउट स्वतःची वीण टिकवून आहेत अशा नद्यांत मासे सोडणे बंद केले. मासे सोडा म्हणून आग्रह धरणाऱ्या मंडळींचा विरोध पत्करून हा निर्णय घेतला गेला, आणि माझ्या मते त्या राज्याने नद्यांसाठी घेतलेला तो सर्वांत धाडसी निर्णय आहे. मॅडिसनचे रेनबो आणि ब्राउन ट्राउट हेही मुळात बाहेरून आणलेले आहेत आणि तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट त्यांच्यामुळे मागे हटला, हेही इथे नोंदवायला हवे.

ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूत शेपटीने खडी उकरून अंडी पुरते आणि खडीतून झिरपणारे गार पाणी हिवाळाभर त्यांना प्राणवायू पुरवते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी वरच्या हेबगेन धरणाच्या दरवाजाचा एक भाग मोडला आणि नदीचा प्रवाह एकाएकी आटला. परिसरातील लोक बादल्या घेऊन धावले. डबक्यांत अडकलेले मासे ओंजळीने उचलून त्यांनी मुख्य प्रवाहात सोडले. प्रवाह पूर्ववत होईपर्यंत, खडीखाली पुरलेली अंडी मात्र त्यांना उचलून नेता येत नव्हती.